शास्त्रविद्येचा खर्च कोणी केला?



एखाद्या विद्वान गृहस्थाचे चरित्र आपण वाचावयास घेतले, म्हणजे त्यात त्याचे जन्मगाव, त्याचे गुरू, त्याच्या परीक्षा, पदव्या आणि ग्रंथ ह्या सर्वांची नोंद सापडते. बहुधा सापडत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे त्याच्या शिक्षणाचे पैसे कोणी भरले ही. घराघरांत मात्र हाच प्रश्न पहिला असतो. मुलगी बी.एस्सी. झाली, पदार्थविज्ञानात पुढे शिकावयाचे म्हणते. अशा वेळी रात्री दिवा मालवल्यावर आईबापांत जे बोलणे होते ते पदार्थविज्ञानाविषयी नसते, ते वर्षाच्या खर्चाविषयी असते. घरात जो हिशेब इतक्या बारकाईने होतो, तो इतिहासात का होऊ नये?

हा हिशेब पुणे शहरापुरता मांडून पाहावा असा आज माझा विचार आहे. पुणे निवडण्यास कारण आहे. उच्च विद्येसाठी पैसा उभा करण्याचे जेवढे म्हणून प्रकार आपल्या देशात झाले, ते जवळजवळ सर्व गेल्या दोनशे वर्षांत ह्या एका गावाने पाहिले आहेत. दक्षिणा झाली, व्रत झाले, कर्ज झाले आणि सरकारी वेतनही झाले. प्रत्येक प्रकारात देणारा निराळा होता. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, घेणाऱ्याने काय परत करावे आणि कोणाला करावे, ह्याविषयीची अपेक्षाही प्रत्येक वेळी निराळी होती.

प्रथम दक्षिणेकडे वळू. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याचा पेशव्यांचा परिपाठ प्रसिद्धच आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण हा खर्च एल्फिन्स्टनने एकदम बंद केला नाही. ह्याच निधीचा काही भाग घेऊन ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. तीतून पुढे १८५१ साली पूना कॉलेज झाले आणि त्याचेच रूपांतर डेक्कन कॉलेजात झाले. दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, अशी मागणी १८५० च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्यासारखी सुधारक मंडळी करू लागली. पुढे ह्याच पैशातून दक्षिणा-फेलो नेमण्याची चाल पडली. पदवी घेतलेल्या तरुणाने कॉलेजात राहावे, स्वतःचा अभ्यास पुढे न्यावा, खालच्या वर्गांस शिकवावे आणि त्याबद्दल दरमहा ठरीव रक्कम घ्यावी, अशी ती योजना होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा-फेलो होते. धर्मकृत्याचा पैसा विद्याव्यासंगाचा पगार बनला, तो असा.

शास्त्रविषयांपुरते बोलावयाचे तर ह्या काळातील ठळक नाव केरो लक्ष्मण छत्रे ह्यांचे. त्यांचा जन्म १८२५ चा आणि मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली; तेव्हा पदवी मिळविण्याची सोयच त्यांना नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी करता करता ते गणित आणि ज्योतिष शिकले. वेधशाळेचा पगार हीच त्यांची शिष्यवृत्ती असे म्हटले तरी चालेल. पुढे ते पुण्यास गणित व सृष्टिशास्त्र शिकवू लागले आणि १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी. सरकारने वेधशाळेवर केलेल्या खर्चातून एक शिक्षक निपजला आणि त्या शिक्षकाने पुढील पिढी घडविली. जमाखर्चाच्या वहीत ह्या देवघेवीची नोंद कोठेही नसेल, पण ती झाली खरी.

येथवर चित्र समाधानकारक दिसते. परंतु १८८२ साली ह्याच पुण्यातील एका गृहस्थाने ह्या चित्राची दुसरी बाजू सरकारपुढे ठेवली. ते गृहस्थ म्हणजे जोतीराव फुले. हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, सरकारचा वसूल मुख्यत्वे कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. ज्यांच्या घामाचा तो पैसा, त्यांच्या मुलांना प्राथमिक शाळासुद्धा धड मिळत नाही. दक्षिणा एका जातीपुरती होती, हे तर उघडच होते. कॉलेजचे दार नियमाने सर्वांस मोकळे झाले, तरी त्या दारापर्यंत पोहोचणारे कोण, आणि ते दार बांधून देणारे कोण, हा फुल्यांचा प्रश्न होता. आज ह्या विषयाचा विचार करणारास ह्या प्रश्नास वळसा घालून जाता येणार नाही. विद्यार्थी म्हणतो की माझे शिक्षण माझ्या वडिलांनी केले, किंवा शिष्यवृत्तीने केले. ते खोटे नव्हे. परंतु प्रयोगशाळेची इमारत, तिच्यातील काचेची नळकांडी आणि शिकविणाराचा पगार ह्यांत अशा पुष्कळ लोकांचा वाटा असतो, की ज्यांनी ती प्रयोगशाळा कधी डोळ्यांनीही पाहिलेली नसते.

ह्या ऋणाची जाणीव ठेवून एक निराळाच मार्ग त्याच सुमारास पुण्यात निघाला. १८८४ साली केरूनाना छत्रे वारले आणि त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देत आणि सरकारी नोकरीत जे मिळाले असते त्याच्या मानाने अल्प अशा वेतनावर काम करीत. ज्याने विद्या मिळविली त्याने ती शिकवून फेडावी, असा हा व्यवहार होता. आपल्या शास्त्रकारांनी माणसाच्या शिरावर जी ऋणे सांगितली आहेत, त्यांतील ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते असे म्हणतात. फर्ग्युसनच्या मंडळींनी त्या जुन्या कल्पनेला मुदत आणि दरमहा वेतनाचा आकडा जोडून दिला, एवढेच.

ह्या मार्गाचे सर्वांत बोलके उदाहरण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांचे. ते कोकणातल्या मुर्डीचे. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नातलग. मुंबईत शिकवण्या करून ते आपला संसार चालवीत आणि त्यातच त्यांनी रघुनाथाला शिक्षणासाठी आपल्याजवळ ठेवून घेतले. हा पहिला खर्च एका गरीब शिक्षकाचा. पुढे कर्वे १८९१ साली फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले आणि परांजपेही त्याच कॉलेजात शिकले. दुसरा खर्च झाला तो सरकारचा: परांजप्यांना हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. अशा माणसास मोठ्या पगाराची सरकारी जागा दुर्मीळ नव्हती. परंतु १९०२ साली ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले ते दरमहा पाऊणशेच्या आसपासच्या वेतनावर. हिशेब करून पाहा. कर्व्यांनी जेवू घातले, सरकारने केंब्रिजचा खर्च केला, आणि परतफेड मिळाली ती कर्व्यांनाही नव्हे अन् सरकारलाही नव्हे. ती मिळाली फर्ग्युसनच्या बाकांवर बसलेल्या मुलांना. देणारा एक आणि परतफेड घेणारा दुसरा, ही ह्या व्यवहाराची खूण आहे.

ह्या सर्व हकिकतीत आतापर्यंत केवळ पुरुषांचीच नावे आली. बायकांच्या शिक्षणास पैसा कोठून आला? आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या, त्या अंगावरचे सोने विकून आणि लोकांनी दिलेल्या मदतीच्या आधारावर. फिलाडेल्फियास १८८६ साली त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. पुढे सातारा भागात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांना जेवण मिळावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. स्त्रियांचे दागिने हा आपल्या शिक्षणाचा मोठा निधी होता. त्याचे विश्वस्तमंडळ नव्हते आणि त्याचा वार्षिक अहवालही कधी निघाला नाही.

इरावती कर्वे ह्यांची हकिकत आणखी निराळी. मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी १९२८ साली त्या बर्लिनला जाण्यास निघाल्या, तेव्हा विरोध झाला तो सासऱ्यांचा. आणि सासरे म्हणजे ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचला ते अण्णासाहेब कर्वे! पती दिनकर धोंडो कर्वे स्वतः जर्मनीत रसायन शिकून आलेले होते. ते पत्नीच्या बाजूने उभे राहिले आणि जीवराज मेहता ह्यांच्याकडून कर्ज घेऊन त्यांनी पत्नीस पाठविले. इरावतीबाई पदवी घेऊन परतल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी ह्या शास्त्राची जी पेठ उभी केली, ती सर्वांस माहीत आहे. थोर पुरुषाचे तत्त्व आणि त्याच्याच घरातील खर्चाचा प्रश्न ह्यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, हे ह्यावरून दिसते. आणि योग्य वेळी मिळालेले एक कर्ज पुष्कळ उपदेशाहून अधिक उपयोगी पडते, हेही दिसते.

कर्जाचा विषय निघालाच आहे. जमशेटजी टाटा ह्यांनी १८९२ साली हिंदी तरुणांच्या उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. विद्यार्थ्यास परदेशी शिकण्यासाठी रक्कम द्यावयाची, ती कर्ज म्हणून, आणि तो मिळवता झाल्यावर त्याने ती फेडावयाची. फेडलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडावयाची. आरंभीच्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर ह्यांचे नाव येते, ही आपणां मराठी माणसांस अभिमानाची गोष्ट आहे. दानात घेणाराची मान थोडी खाली जाते. कर्जात ती ताठ राहते, कारण आज घेणारा उद्याचा देणारा असतो. पुढे १९५७ साली जयंत विष्णु नारळीकर केंब्रिजला गेले तेही टाटांच्याच शिष्यवृत्तीवर. त्यांनी १९८८ साली पुण्यात खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र, ज्यास आपण ‘आयुका’ म्हणतो, ते उभारले. शाळेतील मुलांसाठी व्याख्याने दिली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, आणि २० मे २०२५ रोजी ह्याच गावी ते निवर्तले. कर्जाचा आकडा वहीत असतो. अशा परतफेडीचा आकडा कोणत्या वहीत मांडावा?

परप्रांतीयांच्या दानाचेही ऋण आपणांवर आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कलकत्ता विद्यापीठात अध्यापक झाले, ते कायदेपंडित राशबिहारी घोष ह्यांनी १९१३ साली दिलेल्या दहा लाखांच्या देणगीतून निघालेल्या जागेवर. अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले, तो पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांस तेथे अटकेत दिवस काढावे लागले. तरी त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविलीच. कलकत्त्याची सेवा आटोपल्यावर १९४६ साली त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधनसंस्था काढली. बंगालच्या वकिलाचा पैसा अशा रीतीने फिरत फिरत मुळामुठेच्या काठी येऊन पोहोचला.

स्वातंत्र्यानंतर ह्या कामी सरकार अधिक मोठ्या प्रमाणावर उतरले. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले. १९६३ साली राष्ट्रीय विज्ञान-प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली. तीत निवडलेल्या मुलांस मूलभूत शास्त्रांत थेट डॉक्टरेटपर्यंत वेतन मिळे. पुण्यात २००६ साली विज्ञानशिक्षण व संशोधनाची ‘आयसर’ ही संस्था आली. डॉक्टरेट करणाऱ्या तरुणास आता दरमहा पाठ्यवेतन मिळते आणि त्यावर त्याचा निर्वाह होतो. खेड्यातून येणाऱ्या मुलांची जेवण्याराहण्याची अडचणही लोकांनी ओळखली. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत आणि माधुकरी मागत. त्या जागी कमवा आणि शिका हे तत्त्व आले. १९१९ साली काले येथे निघालेल्या रयत शिक्षण संस्थेने ते महाराष्ट्रभर नेले, आणि पुण्यात १९५५ साली निघालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने वसतिगृहे चालवून शेकडो घरांची चिंता हलकी केली. फुल्यांच्या प्रश्नाला हे संपूर्ण उत्तर नव्हे. परंतु उत्तराची सुरुवात खचित आहे.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा सारा हिशेब मांडला, त्याकडे येतो. शास्त्र शिकणारासाठी दक्षिणा मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली, कर्ज मिळाले. मुलांना शास्त्र कसे शिकवावे, ह्याचा अभ्यास करणारास काय मिळाले? ह्या प्रश्नाचे उत्तर फार थोडक्यात आटोपते. १९६३ च्या सुमारास भोपाळ, अजमेर, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली आणि शास्त्रविषय व अध्यापन एकत्र शिकविण्याचा प्रयोग त्यांत झाला. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र काढले. त्यास सर दोराबजी टाटा ट्रस्टचे साहाय्य होते. पदार्थविज्ञानाचे अभ्यासक वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. ह्या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरातील खेड्यांतल्या शाळांत आणि मुंबईच्या महापालिका शाळांत काम केले. गरीब घरची मुले शास्त्रात मागे का पडतात, ह्याचा शोध घेता त्यांच्या ध्यानात आले की, पुस्तकातील अवघड भाषा हीच पुष्कळदा आड येते. भाषा सोपी केली की तीच मुले तोच विषय चांगला समजून घेतात. आज त्या केंद्रात विज्ञानशिक्षण हाच विषय घेऊन डॉक्टरेट करता येते.

ह्या शोधाचे मोल काय, ते ज्याने खडू हाती धरला आहे त्यास विचारावे. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे न गेलेला एक शाळामास्तर. नोकरीचा सारा काळ मुलांच्या सहवासात गेला. ‘घनता’ हा शब्द तोंडपाठ असलेला, पण लाकूड का तरंगते ते सांगता न येणारा मुलगा दरवर्षी वर्गात असेच. त्याला मंद म्हणणे सोपे असते. त्याची अडचण नेमकी कोठे आहे ते शोधणे ही मात्र विद्या आहे, आणि ती शिकण्यासाठी वेळ लागतो व पैसा लागतो. शास्त्राच्या तरुण संशोधकास वेतन मिळते आणि ते मिळालेच पाहिजे. परंतु शाळेतील शास्त्रशिक्षकास पुढे शिकावयाचे असेल, तर तो बहुधा आपल्या पगारातून, आपल्या रजेत आणि आपल्या बायकामुलांच्या वाट्याच्या वेळेत शिकतो. बी.एड. चा अभ्यासक्रम २०१५ पासून एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला. ज्ञानाच्या दृष्टीने ते योग्य असेल. गरीब घरच्या पदवीधरास मात्र त्यामुळे मिळकतीवाचूनचे वर्ष एकाऐवजी दोन काढावे लागतात. ज्याला परवडते तो शिक्षक होतो, किंवा ज्याला दुसरे काही परवडत नाही तो होतो. ह्या दोहोंच्या मधला, ज्याला खरोखर शिकवावयाचेच आहे, तो मात्र वाटेतच गळतो.

एकंदर हिशेब असा दिसतो. दक्षिणेने विद्वान पोसला, पण जातीचे कुंपण ठेवले. व्रताने कुंपण मोडण्याचा यत्न केला आणि परतफेड वर्गातल्या मुलापर्यंत पोहोचविली. तथापि त्याग सर्वकाळ आणि सर्वांकडून मागता येत नाही. कर्जाने घेणाराचा मान राखला. पण ज्याच्या पाठीमागे घरदार आहे त्यालाच कर्जाचे धैर्य होते. सरकारी वेतनाने संख्या वाढविली. पण त्यात परतफेडीचा विचार मागे पडला. प्रत्येक प्रकाराचा गुण घ्यावा आणि दोष टाकावा, असा एखादा निधी पुण्यासारख्या शहरास उभारणे अशक्य नाही.

त्याचे स्वरूप अगदी साधे असू शकेल. ह्या शहरातील कॉलेजांतून शिकून देशोदेशी गेलेले शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर आपल्या मातृसंस्थेस देणग्या देतात. त्यांतील काही भाग नोकरीत असलेल्या शास्त्रशिक्षकांच्या अभ्यासासाठी राखून ठेवावा. शिक्षक वर्ष-दोन वर्षे अभ्यासास गेला, तर तेवढ्या काळापुरता त्याच्या घरी पगार चालू राहावा आणि त्याच्या वर्गावर बदली शिक्षक मिळावा. त्याने परत येऊन ठरलेली काही वर्षे शाळेत शिकवावे, म्हणजे त्याची फेड झाली. वीस वर्षांची अट नको, पाच पुरेत. अर्जाचा कागद एका पानाचा असावा आणि तो मराठीतही भरता यावा.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी उद्या शास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणास निघाली, तर खर्चाचा कागद जरूर मांडा. मांडताना त्यावर जमेच्या बाजूस एक ओळ अधिक लिहा: ज्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत त्यांनी दिलेले. आणि खर्चाच्या बाजूस शेवटची एक ओळ मोकळी सोडा. ती कोणासाठी भरावयाची, हे त्या मुलाने शिकून आल्यावर स्वतः ठरवावे.